माणकोलीच्या गोदामातला एक राजीनामा

सकाळी ७.४५
गेटवर पंचिंगची रांग लागली आहे. २०२४ मध्ये मोठागावचा पूल सुरू झाल्यापासून डोंबिवलीची पोरं दुचाकीवरून वेळेत पोचतात. कल्याणहून शेअर रिक्षाने येणाऱ्यांना मात्र रांजणोली नाका काही सुटत नाही. पावसाळ्यात तर नाहीच नाही.

८.००
हजेरी घेतली. पिकिंगला दोघं कमी. एकाने रजा सांगितली होती, दुसऱ्याचा फोन बंद. परवा पगार झाला, म्हणजे हा आता येणार नाही. भिवंडीच्या या पट्ट्यात नोकरी सोडायची हीच रीत पडली आहे. शिफ्ट इन्चार्ज म्हणून मला याचा त्रास होतो, पण त्या पोराला नुसती नावं ठेवणं मला जमत नाही. आगाऊ सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून ट्रक खाली करायला लावतात, पगार अडकवतात, हे त्याने इतरांच्या बाबतीत पाहिलेलं असतं. मात्र त्याच्या न येण्याची झळ मालकाला लागत नाही. ती लागते शेजारच्या रांगेतल्या पिकरला. आज दोन रांगांचं पिकिंग ती एकटी करणार आहे.

१०.३०
चहाच्या सुट्टीत बीडकडचा पोरगा बाजूला येऊन उभा राहिला. “सर, थोडं बोलायचं होतं.” हातात वहीचा घडी केलेला कागद. वाळूजला स्टोअरमध्ये काम मिळालंय, घर जवळ पडेल, आईला बघणारं कुणी नाही. कागद देण्याआधी तो तोंडाने बोलला, हे मला फार आवडलं. राजीनामा आधी माणसाला सांगावा, मग कागदाने द्यावा. आणि तोही चहाच्या वेळी किंवा शिफ्ट सुटताना. डॉकवर तीन गाड्या लागलेल्या असताना कुणाच्याच कानात काही शिरत नाही.

१०.४५
कागद वाचला. दीड पान. त्यात टीम लीडर कसा बोलतो, ओव्हरटाइम कसा कापला, सगळं आलेलं. तक्रार खरी होती. मी म्हटलं, “बाळा, तक्रारीचा वेगळा अर्ज दे, मी पुढे पाठवतो. राजीनाम्यात ती घातलीस की लोक राजीनामा बाजूला ठेवून तिच्यावरच भांडत बसतील.” मग आम्ही दोघांनी मिळून नवा मजकूर केला:

“मी आपल्याकडे पिकर म्हणून काम करतो. घरगुती कारणामुळे मी नोकरीचा राजीनामा देत आहे. नेमणूक पत्रातील अटीप्रमाणे १५ दिवसांची नोटीस देत असून ३० तारीख हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील. माझ्याकडील वस्तू मी त्या दिवशी जमा करीन. राहिलेला पगार, शिल्लक रजांचे पैसे व अनुभवाचा दाखला मिळावा, ही विनंती. येथे काम शिकायला मिळाले, त्याबद्दल आभारी आहे.”

एवढं पुरे. शेवटचा दिवस मात्र तारखेनिशी हवाच. आणि कागद कुणाच्या नावाने? इथे बहुतेकांची गफलत होते. पगार ठेकेदाराकडून येतो, म्हणून राजीनामा ठेकेदाराच्या नावाने लिहायचा आणि एक प्रत गोदामाच्या व्यवस्थापकाला द्यायची. आपल्या प्रतीवर ‘मिळाले’ म्हणून सही, तारीख आणि शिक्का घ्यायचा.

१२.१५
ठेकेदाराचा साइटवरचा माणूस सही करायला तयार नव्हता. “सेल तोंडावर आलाय, आत्ता कुठे सोडतो? पगार पुढच्या महिन्यात बघू.” मी त्याला पोरासमोरच सांगितलं: २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे, राजीनामा दिलेल्याचा राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यावा लागतो. तू बुडवलास तर तो कंपनीला भरावा लागेल, आणि कंपनी तो तुझ्याच बिलातून कापेल. तो कुरकुरला, पण सही झाली. नोटीस देणाऱ्याने सभ्यपणे वागायचं आणि घेणाऱ्याने हिशेब दाबून ठेवायचा, हे माझ्या शिफ्टमध्ये चालणार नाही.

१.००
जेवण. डबा उघडला तोवर बातमी सगळ्या गोदामात पोचली होती.

२.३०
नव्या मुलीला बीडच्या पोरासोबत रांगेत पाठवलं. बिनचा पत्ता कसा वाचायचा ते तो दाखवत होता: आधी रांग, मग रॅक, मग थर, मग खण. ते कुणीही शिकवेल. पुढचं मात्र त्यालाच ठाऊक. खालच्या थरात एकाच रंगाच्या दोन मापांच्या चपला शेजारी-शेजारी आहेत. खोकं तेच, फरक फक्त बारकोडच्या शेवटच्या आकड्यात. “नुसतं खोकं बघून उचलू नको ताई, आधी स्कॅन कर. इथेच चुकीचा माल जातो.” सोडून जाणारा माणूस हे सांगून गेला, तर मागे राहणाऱ्याच्या शिव्या वाचतात.

४.००
३० तारखेला काय जमा करायचं, ते आम्ही दोघांनी लिहून काढलं: ओळखपत्र, जॅकेट, लॉकरची चावी, स्कॅनर. त्या दिवशी स्कॅनरचा लॉगिन आपल्यासमोर बंद करून घे, असं मी त्याला बजावलं. लॉगिन चालू राहिला आणि दुसऱ्या कुणी त्यावर माल उचलला, तर तूट याच्या नावावर पडते आणि हा तिकडे वाळूजला. पीएफचा यूएएन नवीन काढायचा नाही, तिथे हाच द्यायचा. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, ती अशीच जोडली जाते.

५.१०
शिफ्ट सुटली तरी पॅकिंगच्या मावशी थांबल्या होत्या. सकाळपासून सगळं ऐकत होत्या. गेल्या वर्षी पूर्ण्याच्या एका गोदामातून त्या न सांगता निघून आल्या. तिथल्या पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नाही, त्यामुळे पैसे अडकलेत. परत त्या दारात जायची त्यांना लाज वाटते. “जायची गरज नाही मावशी,” मी म्हटलं. पीएफचा शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने उलटले की ती तारीख आपली आपल्याला ऑनलाइन भरता येते. फक्त ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, आणि त्यांचं आधार मुलाच्या नंबरला जोडलेलं. मुलाला शनिवारी सुट्टी असते. तेव्हा त्याला घेऊन पाच वाजता गेटवर या, असं ठरलं.