वेण्णाकाठचे दहिवर

जानेवारी महिना लागला, की पुण्याच्या वर्तमानपत्रांतून दोन बातम्या वरचेवर, आणि पुष्कळदा एकाच पानावर, शेजाऱ्यासारख्या नांदताना दिसतात. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठून त्यांचे हिमकण झाले ही एक. आणि काल रात्री पुणे महाबळेश्वराहूनही अधिक थंड होते ही दुसरी. वाचणारा दोन्ही वाचतो, कानटोपी खाली ओढतो, चहाचा दुसरा पेला मागवतो आणि पान उलटतो. आमच्या रविवारच्या कट्ट्यावर मात्र एक वकील असल्यामुळे हे पान इतक्या सहजासहजी उलटले गेले नाही.

वकीलसाहेबांचे म्हणणे थोडक्यात असे, की दोन साक्षीदार परस्परविरोधी जबान्या देत असतील तर त्यांपैकी एक खोटा असलाच पाहिजे. ज्या गावचे किमान तापमान सरकारी दप्तरात अकरा अंश नोंदले गेले आहे, त्या गावी त्याच रात्री पाणी गोठले हा दावा कोणत्याही न्यायासनापुढे क्षणभर टिकणार नाही. सबब छायाचित्रातले ते पांढरे काहीतरी एक तर मीठ असावे, नाही तर एखाद्या उपाहारगृहातल्या शीतकपाटातला खरवडलेला बर्फ असावा. आमच्या मंडळीतले दुसरे सभासद, ज्यांनी तीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकविला आणि ज्यांना निवृत्तीनंतरही आम्ही ‘मास्तर’च म्हणतो, त्यांनी शांतपणे मफलर सोडून पुन्हा गुंडाळला आणि दोन्ही साक्षीदार खरे आहेत, एवढेच ते म्हणाले. पैज लागली ती एका स्ट्रॉबेरी-क्रीमची, म्हणजे प्रत्येकी एक याप्रमाणे चारांची. आणि बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या चौथ्या स्नेह्यांकडे प्रवासाचा जमाखर्च सोपवून आम्ही पुढच्याच शनिवारी दुपारी निघालो. मास्तरांच्या पिशवीत कपड्यांपेक्षा उष्णतामापक अधिक होते.

खंबाटकीचा घाट चढून सुरूरच्या फाट्यावरून वाईकडे वळेतो दिवस कलला होता. वाईस पोहोचलो तेव्हा कृष्णेच्या घाटावर संध्याकाळ उतरली होती, ढोल्या गणपतीच्या शिखरामागचे आकाश पितळी झाले होते आणि वारा अगदी पडला होता. मास्तरांनी आम्हांला चहा संपवू न देता रस्त्याच्या कडेला नेले आणि पलीकडच्या वस्तीतल्या चुलींचा धूर दाखविला. तो धूर चार-सहा पुरुष सरळ वर जाई आणि मग, जणू वर छत असावे तसा, थबकून आडवा पसरे. सगळ्या वस्तीवर एक निळसर चादर अंथरल्यासारखी झाली होती. ‘ही खूण ध्यानात ठेवा,’ मास्तर म्हणाले, ‘तुमच्या खटल्याचा निम्मा निकाल येथेच लागला आहे.’

त्याचा खुलासा त्यांनी पसरणीच्या घाटात, एकेका वळणागणिक थोडाथोडा, केला. दिवसा, वारा खेळता असताना, उंच जावे तसतशी हवा गार होत जाते. दर हजार फुटांस सुमारे दोन अंश, असा ढोबळ हिशेब आहे, आणि वाईपासून महाबळेश्वरापर्यंतची चढण दोन हजार फुटांहून अधिक असल्यामुळे चार-पाच अंशांचा गारवा आपल्या पदरी पडतो. ज्या साहेबांनी १८२८-२९ च्या सुमारास सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत तेथे हवा खाण्याचे ठाणे वसविले, त्यांनी हाच हिशेब केला होता, आणि उन्हाळ्यापुरता तो बिनचूक होता. परंतु हिवाळ्यातल्या निरभ्र, निवांत रात्री हा कायदा तहकूब होतो. सूर्य मावळताच भूमी आपली दिवसभराची ऊब अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे उधळू लागते. आकाशात ढग असतील, किंवा हवेत पुरेशी आर्द्रता असेल, तर त्यातली पुष्कळशी ऊब गोधडीने राखावी तशी राखली जाते. उत्तरेकडचे कोरडे वारे येऊन आकाश लख्ख झाले असेल तर ती सरळ अवकाशात जाते. भूमी निवते, तिला चिकटलेली हवा निवते, आणि निवलेली हवा जड असल्यामुळे पाण्याप्रमाणे उतार शोधीत ओघळत सखल जागी जाऊन साचते. थंडी वरून खाली पडत नाही. ती खाली जमते. वाईच्या धुराला लागलेले छत म्हणजे या साचलेल्या गार हवेची वरची पातळी होती, कारण तिच्यावरची हवा अधिक उबदार आणि हलकी होती आणि धुराला तिच्यात शिरण्याचे त्राण उरले नव्हते.

महाबळेश्वरच्या बाजारपेठेतल्या ज्या निवासात आम्ही उतरलो, तेथील व्यवस्थापकाने चार इसमांस तीन रग दिले आणि चौथ्याची मागणी केली असता, ‘साहेब, आज काय थंडी नाही,’ असे उत्तर दिले. या उत्तराचा आम्हांस त्या वेळी फार राग आला. वकीलसाहेबांनी तेथल्या वहीत शिस्तवार फिर्याद नोंदविली आणि मग चौथा रग स्वतःकडेच ठेवलेला असल्याप्रमाणे दोन रग घेऊन ते निजले. मी रात्रभर बँकवाल्या स्नेह्यांशी एका रगाच्या हद्दीवरून मूक तंटा करीत राहिलो. परंतु न्यायाने पाहता तो व्यवस्थापक खोटे बोलला नव्हता. पहाटे साडेपाच वाजता सज्जात टांगलेला मास्तरांचा उष्णतामापक साडेअकरा अंश दाखवीत होता. वकीलसाहेबांनी विजेरीच्या उजेडात तो आकडा दोनदा वाचला आणि आता खाली जाण्याचे प्रयोजनच उरले नाही, असे निवेदन केले.

आदल्या रात्री ठरविलेला जीपवाला मात्र दारात हजर होता. ‘बर्फ बघायचा असंल तर आत्ताच चला,’ तो म्हणाला, ‘आठला आलात तर नुसतं ओलं गवत बघून माघारी जावं लागंल.’

वेण्णा तलाव बाजारापासून दोन-अडीच किलोमीटरांवर, पाचगणीच्या वाटेला आहे. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये झऱ्यांचे पाणी अडवून तो करविला, असे सांगतात. झरे अडवून तळे करायचे तर जागा खोलगटच निवडावी लागते, आणि आमच्या खटल्याच्या दृष्टीने त्या राजाची ही निवड सगळ्यांत महत्त्वाची ठरली. गाव डोंगराच्या माथ्यावर. तळे त्याच्या पायथ्याच्या परातीत. जीप उतरत असताना उघड्या बाजूने हात बाहेर काढला तर गारवा एकाएकी बदलल्याचे कळत होते, एखाद्या विहिरीच्या पायऱ्या उतरताना पाणी घोट्याला लागावे तसे. तळ्याच्या पाण्यावरून वाफा निघत होत्या, कारण त्या वेळी पाणी हवेपेक्षा कितीतरी उबदार होते.

आणि गवत पांढरे होते. मीठ सांडल्यासारखे नव्हे, बर्फ खरवडून टाकल्यासारखेही नव्हे. प्रत्येक पात्याच्या कडेने, शिरेशिरेने, एखाद्या कसबी कारागिराने बारीक साखर पेरीत जावे तसे. नौकाविहाराच्या धक्क्याच्या फळ्यांवर, रात्री उघड्यावर उभ्या असलेल्या एका गाडीच्या टपावर, कुणी विसरलेल्या ताडपत्रीवर तो थर नखाने खरवडता येत होता. मात्र झाडाखालचे गवत नुसते ओलसर, हिरवे राहिले होते. मास्तरांनी एक उष्णतामापक चार फूट उंचीच्या खांबाला बांधला आणि दुसरा गवतावर आडवा ठेवला. दहा मिनिटांनी पहिल्याने चार अंश दाखविले, दुसऱ्याने उणे एक. वकीलसाहेब उकिडवे बसून बराच वेळ त्या दुसऱ्या नळीकडे पाहत होते. पुढे त्यांनी बोटाने हिमकण उचलून जिभेवर ठेवला (मिठाचा आरोप त्यांनी अद्याप मागे घेतला नव्हता) आणि त्या ठिकाणी रीतसर पंचनामा करावा, अशी सूचना केली.

साऱ्या घोटाळ्याचे मूळ त्या चार फुटांत आहे. वेधशाळा ज्या पेटीत उष्णतामापक ठेवतात, ती जाळीदार झडपांची पांढरी लाकडी पेटी टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने योजिली; ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या कादंबरीकाराचे हे वडील, आणि त्यांचा मुख्य व्यवसाय दीपगृहे बांधण्याचा. त्या पेटीतला पारा भूमीपासून सुमारे चार फुटांवर, सावलीत, वाऱ्याच्या झुळुकीत असतो. सर्व गावांच्या हवेची तुलना करता यावी म्हणून अशी एक सामाईक उंची मुक्रर करणे आवश्यकच होते. पण गवताचे पाते त्या उंचीवर राहत नाही. ते आकाशाकडे तोंड करून उघड्यावर पडलेले असते, आणि अशा रात्री ते पेटीतल्या पाऱ्याहून चार-पाच अंशांनी सहज अधिक निवते. दवाचे हे गणित विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या वैद्याने १८१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रथम नीट मांडले. रात्री बागेत तो लोकरीचे समान वजनाचे पुंजके ठेवी, काही फळीच्या वर, काही फळीच्या खाली, आणि पहाटे त्यांचे वजन करी. उघड्या आकाशाखालचे पुंजके नेहमी अधिक भिजलेले निघत. दव आकाशातून पडत असेल असे ज्यांना वाटत होते, त्यांना फळीखालीही थोडे दव का येते याचे उत्तर देता येईना. मराठीत आपण आजही ‘दव पडले’ असेच म्हणतो; माझी आजी ‘दहिवर’ म्हणे, आणि तिच्या त्या शब्दात निदान पडण्याचा आरोप तरी नव्हता. वर्तमानपत्रे तर ‘बर्फ पडला’ असा मथळा देतात, ज्यात दोन शब्द आहेत आणि दोन्ही शंकास्पद आहेत.

मात्र या विद्येचा व्यवहारात उपयोग आपल्या देशातल्या अनाम कारागिरांनी वेल्सच्या कितीतरी आधी केला होता, हे मला मास्तरांकडूनच कळले. अलाहाबादेकडे हिवाळ्यात बर्फ तयार करण्याचा एक धंदाच चाले, आणि सर रॉबर्ट बार्कर नावाच्या अधिकाऱ्याने १७७५ मध्ये त्याचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले होते. उघड्या मैदानात सुमारे तीस फूट चौरस आणि दोन फूट खोल असे खड्डे खणीत. त्यांत वाळलेल्या उसाची किंवा मक्याच्या ताटांची वीतभर गादी घालीत. आणि तिच्यावर बिनझिलईच्या, इंच-सव्वा इंच खोलीच्या मातीच्या थाळ्या मांडून संध्याकाळी त्यांत पाणी ओतीत. पहाटेपूर्वी, हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही, थाळ्यांत बर्फ धरलेला असे. खड्डा गार हवा साठवी, थाळीच्या छिद्रांतून पाझरणारे पाणी बाष्प होऊन गारवा वाढवी, उघडे आकाश ऊब ओढून घेई, आणि सर्वांत मार्मिक गोष्ट म्हणजे, ती वाळल्या ताटांची गादी भूमीच्या पोटातली ऊब थाळीपर्यंत पोहोचू देत नसे. वेण्णाकाठी गाडीच्या टपावर आणि धक्क्याच्या फळ्यांवर हिम आधी का धरते, याचे उत्तर याच गादीत आहे: त्यांचा जमिनीशी संबंध तुटलेला असतो.

मास्तरांना आणखी एक प्रयोग करायचा होता, तो फसला. १९३२ मध्ये हवामान खात्यातले एल. ए. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी असे दाखविले, की उघड्या मातीवर, अशाच शांत रात्री, सर्वांत थंड हवा मातीला टेकलेली नसून तिच्यावर वीत-दीड वीत अंतराळी असते. भौतिकशास्त्राच्या तत्कालीन समजुतीस हे इतके विपरीत होते, की पुष्कळांनी हा मोजणीतला दोष मानला. खुलासा व्हायला पुढे अनेक दशके लागली, आणि तो करणाऱ्यांत रोद्दम नरसिंह होते. हवेच्या त्या थराला आजही रामदासांचे नाव आहे. मास्तरांनी वाहनतळाच्या मोकळ्या मातीवर काठी रोवली; तथापि सूर्योदयाबरोबर पर्यटकांच्या गाड्या येऊ लागल्या, आणि एका उत्साही कुटुंबाने ती काठी पतंगाची समजून बाजूला काढून ठेवली.

सूर्य सव्वासातच्या सुमारास वर आला तरी गवतावरचे हिम लगेच वितळले नाही. कोवळ्या उन्हातून मिळणारी ऊब खर्चाची बरोबरी करीपर्यंत भूमीचे खाते तोट्यातच चालते, असे आमच्या बँकवाल्या स्नेह्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले. आठाला जीपवाल्याच्या भाकितानुसार नुसते ओले गवत उरले.

पुण्याचे कोडे याच सूत्राने सुटते. शिवाजीनगरची वेधशाळा, जिला जुने पुणेकर १९२८ पासूनच्या नात्याने ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, टेकड्यांनी वेढलेल्या, मुठेकाठच्या सखल भागात आहे. महाबळेश्वरचा उष्णतामापक माथ्यावर आहे. रात्री थंडी पुण्यात जमते, महाबळेश्वराहून ओघळून जाते. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरला होता. पुण्यातल्या पुण्यातही पाषाणला राहणारे वकीलसाहेब आणि मगरपट्ट्याला राहणारा मी यांच्या पहाटेत कधी कधी चार-पाच अंशांचे अंतर पडते, आणि इतकी वर्षे मी ते त्यांच्या अतिशयोक्तीच्या खाती जमा करीत आलो होतो. निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला हे सारे कुणी शिकवावे लागत नाही. अशा रात्री तो बागेत शेकोट्या पेटवितो, पिकाला पाणी देतो आणि चार फुटांवरच्या आकड्यापेक्षा वेलीच्या पानाकडे पाहतो.

वाचकांपैकी कुणास वेण्णाकाठी जायचे असेल, तर रात्री आकाश निरभ्र आहे आणि वारा पडला आहे, एवढे पाहावे, सहाच्या आत तेथे पोहोचावे आणि स्वतःचा रग घरून न्यावा. आमच्या पैजेचा निकाल मास्तरांच्या बाजूने लागला; परंतु गवतावरचा पारा हा ‘गावचे तापमान’ या संज्ञेत मोडत नाही, या मुद्द्यावर वकीलसाहेबांनी अपील दाखल केले असल्यामुळे स्ट्रॉबेरी-क्रीमचे पैसे तूर्त बँकवाल्यांनी भरले आहेत.