विस्मृतीचे मूळ

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण घरोघरी ऐकू येते. वृद्ध माणूस तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारू लागला किंवा ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकू लागला, की ही म्हण उच्चारून घरची मंडळी मोकळी होतात. वयाबरोबर अशा विस्मरणाचा संभव वाढतो, हे खरे. परंतु तो वार्धक्याचा अटळ धर्म नव्हे. तो मेंदूचा रोग होय.

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात एक ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येईना. १९०६ साली तिचे निधन झाल्यावर डॉ. आलोइस आल्त्सहायमर यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर कसल्याशा द्रव्याचे पुंजके साचले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. कित्येक ठिकाणी तर पेशी नाहीशी होऊन गुंता तेवढा शिल्लक राहिला होता.

हा गुंता कशाचा, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास सुमारे ८० वर्षे लागली. १९७५ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे अगदी वेगळ्या संशोधनात ‘टाऊ’ नावाचे एक प्रथिन सापडले. पुढे १९८५ च्या सुमारास असे दिसून आले की, आल्त्सहायमरांनी पाहिलेले धागे याच प्रथिनाचे असतात.

टाऊ मुळात उपद्रवी नाही. मज्जापेशीपासून एक लांब तंतू निघतो. त्याच्या टोकापर्यंत आवश्यक द्रव्ये पोहोचविण्यासाठी आत सूक्ष्म नलिकांचे मार्ग असतात. त्यांची जाडी केसाच्या दोन-तीन हजाराव्या हिश्श्याएवढी असते. इमारतीच्या परांचीचे बांबू जसे काथ्याने बांधलेले असतात, तशा या नलिका जुळून येण्यास व टिकून राहण्यास टाऊचे साह्य होते. टाऊच्या रेणूला फॉस्फेटचे कण चिकटतात आणि सुटतात. त्यावरून त्याची पकड कमी-अधिक होते. रोगात हे कण प्रमाणाबाहेर चिकटतात. टाऊ नलिकांवरून सुटतो आणि सुटलेले रेणू एकमेकांना बिलगून पीळदार धागे बनतात.

यामुळे पेशीचे दुहेरी नुकसान होते. एकीकडे बांधणी सैल पडून वाहतूक मंदावते; दोन पेशी जेथे एकमेकींना संदेश देतात ते सांधे पोषणाअभावी सुकू लागतात. दुसरीकडे साचलेला टाऊ स्वतःच पेशीला बाधक ठरतो. अखेरीस पेशी मरते. मेलेल्या मज्जापेशीची जागा सहसा नवी पेशी घेत नाही.

याहून विलक्षण गोष्ट म्हणजे हा बिघाड पसरतो. चमचाभर विरजणाने भांडेभर दुधाचे दही व्हावे, तसा बिघडलेला टाऊ शेजारच्या पेशीतील निरोगी टाऊलाही आपले वळण लावतो, असे प्रयोगांत आढळले आहे. १९९१ साली फ्रँकफुर्टच्याच हाइको व एव्हा ब्राक या दांपत्याने या प्रसाराचे टप्पे दाखवून दिले. नव्या आठवणी जेथे घडतात त्या भागाजवळ आरंभ होतो आणि मग बिघाड विचार, भाषा व ओळख सांभाळणाऱ्या भागांकडे सरकतो. म्हणूनच सकाळचे जेवण न आठवणारी आजी आपल्या माहेरच्या विहिरीचे वर्णन मात्र बिनचूक करते.

पेशीबाहेरील पुंजके आणि आतील टाऊ यांचे नेमके नाते अद्याप अभ्यासाचा विषय आहे. तथापि, केवळ टाऊच्या जनुकातील दोषानेही एका प्रकारचा स्मृतिभ्रंश होऊ शकतो, हे १९९८ साली सिद्ध झाले. बाहेरील पुंजके हटविणारी काही औषधे आता निघाली असून आरंभीच्या अवस्थेत त्यांनी ऱ्हासाचा वेग थोडा मंदावतो. टाऊवरील औषधांच्या चाचण्या सुरू आहेत. गेलेल्या पेशी परत आणणारा उपाय मात्र नाही.

प्रत्येक विस्मरण या रोगाचेच असते असेही नाही. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची उणीव किंवा थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा यांमुळेही स्मृती क्षीण होते आणि ती उपचाराने सुधारू शकते. यासाठी म्हणीवर विसंबून न राहता वैद्यकीय तपासणी वेळीच करून घेणे इष्ट होय. आणि रोग टाऊचाच ठरला, तरी दहाव्यांदा तोच प्रश्न विचारणारा वृद्ध हट्टाने छळत नसतो. नववे उत्तर साठवून ठेवणारी जागाच त्याच्या मेंदूत उरलेली नसते. त्याला दहावे उत्तरही पहिल्याच्याच शांतपणे मिळावे, एवढे तरी घरच्यांच्या हाती असते.