चकाकी बाटलीत की बादलीत?

सीताबर्डी म्हणजे आपली 'बर्डी'. बर्डीवर मिळत नाही अशी वस्तू नाही! सिग्नलला गाडी थांबली की काचेशी पिवळं फडकं घेऊन एखादा पोरगा उभा राहतो आणि दुकानात शिरलं की काउंटरमागे विदेशी लेबलांच्या बाटल्यांची रांग दिसते. एक कार शॅम्पू शे-दीडशे रुपयांचा, शेजारची तेवढीच बाटली हजाराच्या घरातली. दावा दोन्हींचा एकच - शोरूमसारखी चमक. मग हे वरचे आठ-नऊशे रुपये नेमके कशाचे? आपल्यापैकी बहुतेकांच्या घरची गाडी बाबांच्या हप्त्यांवर आलेली असते. तेव्हा हा प्रश्न दुकानदाराला नाही, इंजिनिअरिंगला विचारलेला बरा.

आधी गाडीचा रंग समजून घेऊ. पत्र्यावर प्रायमरचे थर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम ४०-५०. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ! गाडीची चमक ही या थराची चमक. तो गुळगुळीत असेल तर प्रकाश आरशासारखा परावर्तित होतो, ओरखडे असतील तर विखुरतो. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात ना, त्या ह्याच. खालच्या रंगाला अतिनील किरणांपासून वाचवणारी रसायनंही याच थरात असतात. रबिंग करून ओरखडे काढतात तेव्हा ते 'भरत' नाहीत, आजूबाजूचा थर घासून खाली आणतात. दर दिवाळीला रबिंग करत राहिलं तर एक दिवस थरच संपतो आणि मग नवीन पेंटशिवाय इलाज नाही. आता प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा : ही या ४०-५० मायक्रॉनला वाचवते की खाते?

पहिला नंबर शॅम्पूचा. स्वस्त असो की महाग, आत मुख्यतः पाणी आणि सर्फॅक्टंट. मातीचे कण सुटे करून फेसावर उचलायचे एवढंच त्याचं काम, आणि पाच-दहा मिनिटांत तो नालीत वाहून जातो. महागड्यात सुगंध, रंग, थोडा जास्त गुळगुळीतपणा मिळतो. कधीकधी तो जास्त कॉन्सन्ट्रेटेडही असतो, म्हणून किंमत बाटलीची न बघता एका धुण्याची काढावी. बाकी साधा पीएच न्यूट्रल कार शॅम्पू पुरे. फक्त कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण नको, गाडीवरचं वॅक्स त्यात निघून जातं.

दुसरं म्हणजे पाणी. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री लॅबमध्ये आपण सगळ्यांनी ईडीटीएचं टायट्रेशन केलंय, वाइन रेडचा निळा होईपर्यंत ब्युरेट धरून बसलोय. तेव्हा वाटायचं, हे आयुष्यात कुठे लागणार? इथे लागतं! बर्डीची टेकडी ज्या काळ्या बेसॉल्टची आहे, त्या खडकातून येणारं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. मे महिन्यात ४५ डिग्रीत ते गाडीवर वाळलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे डाग मागे उरतात. यावर हजार रुपयांचा शॅम्पूही काही करू शकत नाही. सावलीत किंवा पहाटे धुवा आणि लगेच कोरडं करा, फुकटचा उपाय आहे. घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी वापरत असाल तर चांगलंच, पण ते फक्त पहिल्या धुण्याला. त्यात क्षार नळापेक्षा जास्त असतात, म्हणून शेवटचं पाणी नळाचंच.

तिसरी गोष्ट फडकं, आणि खरा खेळ इथे आहे. रस्त्याच्या धुळीत, बांधकामाच्या वाळूत सिलिका असते. वारा कोराडी-खापरखेड्याकडून आला की त्यात राखेची भर. वाळूतल्या क्वार्ट्झची कठीणता मोह्स स्केलवर ७, म्हणजे क्लिअर कोटच्या कितीतरी वर. अशा धुळीवर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे सँडपेपर मारणं. कोणी आपल्याला विचारावं, "काहून बे, गाडी पुसून राहिला का घासून राहिला?" चांगल्या मायक्रोफायबरचे धागे चिरलेले असतात, कण त्यांच्या फटीत अडकतो आणि रंगावर फिरत नाही. म्हणून पैसे घालायचे तर इथे घाला. सोबत दोन बादल्या, एक शॅम्पूची आणि एक फडकं खळबळून काढायची. पहाटे सोसायटीत एकाच बादलीवर दहा-बारा गाड्या पुसणाऱ्या दादांना आपण ओरखड्यांसाठी बोल लावतो, पण त्यांना दुसरी बादली आणि धड फडकं कोण देतो?

आता वॅक्स. नाव मोठं ते कार्नोबाचं. ब्राझीलमधल्या एका पामच्या पानांवरचं हे मेण साधारण ८२ ते ८६ डिग्रीला वितळतं. नागपूरच्या उन्हात काळ्या गाडीचा पत्रा ७० च्या आसपास जाऊ शकतो, त्यामुळे ते इथे फार दिवस टिकेल अशी आशा नको. त्यापेक्षा कमी किमतीचं सिंथेटिक सीलंट बहुधा जास्त टिकतं. दुकानात पाण्याचे गोल थेंब घरंगळवून दाखवतात, त्यावर भाळू नका. कॉन्टॅक्ट अँगल ९० अंशांच्या वर गेला की थेंब गोल होणारच, साधा सिलिकॉन स्प्रेही ते करतो. त्यावरून टिकाऊपणा कळत नाही. उलट जड पाण्याचा थेंब तिथेच वाळला तर डाग पक्का!

मग महाग ते सगळं फसवं का? तसंही नाही. सिरॅमिक कोटिंगचा सिलिकायुक्त थर रंगाला घट्ट धरतो आणि चांगलं काम असेल तर काही वर्षं टिकतो, हे साध्या वॅक्सला जमत नाही. मात्र '९एच' वाचून हुरळून जाऊ नका. हे माप पेन्सिलच्या कठीणतेचं आहे, मोह्सचं नाही. खडा उडाला तर ओरखडा पडेलच. शिवाय त्या बिलात बाटलीपेक्षा आधीच्या तयारीची मेहनत मोठी असते. ती नीट झाली नाही तर जुने ओरखडेच कोटिंगखाली बंद होतात. चाकांसाठी मात्र स्वस्त अ‍ॅसिड कधीच नको. ते अलॉय खातं आणि धुणाऱ्याचे हातही. तिथे अ‍ॅसिड-फ्री क्लीनरचे जास्तीचे पैसे वसूल आहेत.

आणि ब्रँडचं म्हणाल तर २००८ मध्ये थ्रीएमने मेग्वायर्स कंपनी विकत घेतली. म्हणजे शेल्फवर शेजारी-शेजारी भांडणाऱ्या दोन बाटल्यांचा मालक एकच असू शकतो!

माझ्यावरही विश्वास ठेवू नका. बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावा. डावीकडे स्वस्त, उजवीकडे महाग, फडकं आणि पाणी तेच. टेप काढून घरच्या एखाद्याला विचारा, कुठली बाजू चांगली? महिन्याभराने पुन्हा विचारा. फरक दिसला तर खुशाल महाग घ्या. नाही दिसला तर आधी दोन बादल्या, चार चांगली फडकी आणि साधा शॅम्पू घ्या. उरलेल्या पैशात बर्डीवर पोटभर खाऊन या... आणि हो, परतल्यावर गाडी सावलीत लावा!