ताळा न जुळणारे दिवस

आमच्या भाचीचा रविवार पहाटे साडेपाचला सुरू होतो. कुणासाठी? तर माश्यांसाठी! केळी जास्त पिकली की त्यांवर जी चिमुकली चिलटं घोंघावतात ना, त्याच फळमाश्या. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ती त्यांच्या झोपेचा अभ्यास करते. काचेच्या नळीतली माशी पाच मिनिटं हलली नाही, की ती झोपली असं धरतात. ताई म्हणते, ‘‘माश्यांच्या झोपेपायी हिची झोप उडाली.’’

परवाच्या रविवारी तिनं मला सोबत नेलं. बेत सिंहगडाचा, पण आधी प्रयोगशाळा. कोशातून निघालेल्या माद्या आठेक तासांच्या आत नरांपासून वेगळ्या काढाव्या लागतात. नाहीतर पुढच्या पिढीचा बाप कोण, हा हिशेब चुकतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ हजेरी. माश्यांना सणवार कुठले ठाऊक! कार्बन डायऑक्साइडनं गुंगलेल्या माश्या ती सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्यानं अलगद बाजूला सारत होती. शेजारी मक्याचं पीठ, साखर, यीस्ट घालून शिजवलेल्या खाण्याच्या बाटल्या. २५ अंशांच्या उबेत अंड्याची माशी व्हायला जेमतेम दहा दिवस लागतात, म्हणून शास्त्रज्ञांची ही लाडकी. १९१० साली मॉर्गन यांना तिच्यात पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. १९३३ साली त्यांना नोबेल मिळालं. शरीरातल्या घड्याळाबद्दलचं २०१७ सालचं नोबेलही याच माशीच्या जोरावर.

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. लेजरच्या काळात ताळा जुळल्याशिवाय घरी जायची सोय नव्हती. सत्तर पैशांच्या फरकापायी रात्रीचे दहा वाजवलेत. पण ताळा जुळायचा, आणि मग शांत झोप लागायची.

आतकरवाडीकडून गड चढताना विचारलं, ‘‘तुझा ताळा कधी जुळतो गं?’’

‘‘आठ महिने जुळत होता, मामा. मागच्या महिन्यात प्रयोग पुन्हा केला, आणि नाही जुळला.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, सरांना जाऊन सांगितलं. शोधनिबंध थांबला.’’

पाठ्यवृत्तीचं पाचवं, म्हणजे शेवटचं वर्ष चालू आहे. मार्चनंतर पैसे कुठून, ठरलेलं नाही. मी शहाणपणा केला, ‘‘आधीचेच आकडे पाठवायचेस. खोटे थोडेच होते?’’

‘‘तुमच्याकडे फरक टाकायला सस्पेन्स खातं होतं. आमच्याकडे नसतं.’’

मी गप्प झालो. दोन वर्षांपूर्वी बँकेच्या परीक्षेला बस म्हणून मीच हिच्या मागे लागलो होतो.

वर पोचल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही समोर आलं. म्हटलं, ‘‘दर रविवारी तोच गड? कंटाळा नाही येत?’’

‘‘इथं वर पोचलं की पोचलं. त्यावर शंका घेता येत नाही. आठवड्यात एक तरी गोष्ट पुरी झाली, असं वाटतं.’’

मला माझ्या पहाटा आठवल्या. रोज जुळणाऱ्या ताळ्याचा कंटाळा येऊन मी पाच वाजता कादंबरी लिहायला बसायचो, जिचा शेवट कधी सापडेल याची खात्री नसायची. माझा छंद म्हणजे हिची नोकरी, एवढाच काय तो फरक!

तिनं घड्याळ पाहिलं. ‘‘चल मामा, उतरू या. संध्याकाळच्या माश्या निघायला लागतील.’’

घरी आल्यावर ताईला फोन केला. म्हटलं, ‘‘मार्चचं मार्चमध्ये बघू. काही लागलं तर मी आहे. आणि बँकेचा विषय आता नको.’’