कड फाटलेली पुंगळी

व्हिएतनाममधल्या खे सान्हजवळच्या त्या टेकड्यांना लष्करी नकाशावर नावं नव्हती, उंचीचे आकडे होते. ८६१, ८८१ दक्षिण, ८८१ उत्तर. २४ एप्रिल १९६७ पासून अडीच आठवडे अमेरिकी मरीन सैनिक या टेकड्यांसाठी उत्तर व्हिएतनामी फौजेशी लढले. त्यांचे १५५ जण मारले गेले. लढाईच्या काही आठवडे आधीच त्यांच्याकडची जुनी, वजनदार एम-१४ रायफल काढून घेऊन हलकी, नवी एम-१६ त्यांच्या हाती दिली होती. वाचलेल्या एका मरीनने घरी पत्र लिहिलं. आपले जवळजवळ सगळे मेलेले सोबती सापडले तेव्हा त्यांच्या शेजारी रायफल खोललेली होती, असं त्याने लिहिलं होतं. बंद पडलेली बंदूक चालू करता करता ते गेले होते. मे महिन्यात ते पत्र न्यू जर्सीतल्या एका वर्तमानपत्रात छापून आलं आणि थेट अमेरिकी काँग्रेसपर्यंत पोहोचलं.

तक्रार नवी नव्हती. लष्कराच्या तुकड्या आधीपासून तेच सांगत होत्या. गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी नळीच्या चेंबरमध्येच चिकटून राहते. बोल्ट मागे जातो, पुढचं काडतूस घेऊन येतो आणि अडकलेल्या पुंगळीवर आदळतो. मग एकच उपाय उरतो. तोंडाच्या बाजूने नळीत सळई घालायची आणि ठोकून पुंगळी मागे पाडायची. समोरून गोळ्या येत असताना. त्या सळयाही पुरेशा नव्हत्या. ज्यांना मिळाली ते ती रायफलीलाच चिकटपट्टीने बांधून ठेवत.

वरिष्ठांचं उत्तर ठरलेलं होतं : पोरं बंदूक साफ ठेवत नाहीत. त्यात काही अंशी तथ्य होतं. ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही अशी समजूत पसरली होती आणि साफसफाईचं सामान पुरेसं पोहोचलं नव्हतं. १९६६ च्या अखेरीला लष्कराचं आणि रायफल बनवणाऱ्या कोल्ट कंपनीचं पथक व्हिएतनामला जाऊन आलं, तेव्हा त्यांना गंजलेल्या, काजळीने भरलेल्या रायफली दिसल्या. पण ज्याला सळईच दिली नाही त्याला अस्वच्छतेचा दोष देणं हा अन्याय होता. शिवाय नुसत्या अस्वच्छतेने सगळ्याचा उलगडाही होत नव्हता. तो व्हायला पुंगळीकडे बघावं लागतं.

या रायफलीची ५.५६ मिलिमीटर काडतुसाची पुंगळी जेमतेम साडेचार सेंटिमीटर लांब. बुडाशी एक खाच आणि खाचेखाली पातळ कड. बोल्टच्या तोंडाशी असलेला एक्स्ट्रॅक्टरचा आकडा ही कड पकडतो आणि पुंगळीला बाहेर ओढतो. सगळं नीट चाललं असेल तर त्या कडेवर आकड्याचा एक बारीक चकचकीत ओरखडा उमटतो, मधोमध प्राइमरवर पिनेचा गोल खड्डा असतो, मानेपाशी थोडी काजळी असते. बाकी अंग स्वच्छ. सळईने ठोकून काढलेली पुंगळी वेगळंच काही सांगते. आकड्याने जिथे धरलं होतं तिथली कड मागे वाकलेली असते, कधी चंद्रकोरीसारखा तुकडाच फाटून गेलेला असतो. अंगावर उभे ओरखडे असतात. चेंबरला गंजाने खड्डे पडले असतील तर पितळेवर त्या खड्ड्यांचे बारीक उंचवटे उमटतात, बोटाला खरखरीत लागतात. बुडावर कधी पितळ पुसून पसरल्याची चमकदार पट्टी दिसते. पुंगळी मागे रेटत असतानाच बोल्ट फिरला, तर तिचं बुड त्याच्यावर घासतं आणि अशी पट्टी उमटते.

या खुणांचा अर्थ लागायला दोन हजारांश सेकंदांत चेंबरमध्ये काय घडतं ते कळायला हवं. दारू पेटली की आतला दाब चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांच्या घरात जातो. पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसतं आणि वायू मागे निसटू देत नाही. गोळी नळीबाहेर पडली की दाब उतरतो, पितळ केसभर आकसतं, पुंगळी सैल होते. ती ओढायची वेळ ही. त्याआधी ओढली तर पावसाळ्यात फुगलेल्या दाराची मूठ ओढताना मूठच हातात यावी, तसं होतं. दार जागेवरच, कड मात्र आकड्याच्या हातात. म्हणजे फाटलेली कड दोनच गोष्टींकडे बोट दाखवत होती : एक तर भिंत चिकट झाली आहे, नाही तर बोल्ट घाई करतो आहे.

भिंतीचं कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. दमट जंगलात पोलादी चेंबर गंजत होता. एम-१४ च्या नळीला आतून क्रोमचा मुलामा होता, एम-१६ च्या नव्हता. मग १९६२ सालचं कोडं कसं सुटणार? त्या वर्षी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सुमारे एक हजार एआर-१५ रायफली व्हिएतनामी सैनिकांना वापरून पाहायला दिल्या होत्या. रायफल हीच, यूजीन स्टोनरने आर्मालाइट कंपनीत घडवलेली. जंगल तेच, चिखल तोच, चेंबरला क्रोम तेव्हाही नव्हतं. अहवाल मात्र उत्तम होते. पाच वर्षांत बदललं काय?

बदललं होतं ते काडतुसाच्या आतलं. स्टोनरने रायफल बेतली ती ड्यू पाँ कंपनीच्या आयएमआर ४४७५ या दारूवर. ही दारू बारीक नळकांड्यांसारख्या कणांची असते. लष्कराने मात्र गोळीचा वेग सेकंदाला ३,२५० फूट हवा आणि दाब ठरल्या मर्यादेबाहेर जाता कामा नये, अशी अट घातली. दर खेपेला ही अट पाळणं ड्यू पाँला जमेना. १९६४ मध्ये ती कंपनी बाजूला झाली आणि लष्कराने ऑलिन मॅथिसनच्या डब्ल्यूसी ८४६ या बॉल पावडरला मंजुरी दिली. गोल कणांची ही दारू एम-१४ च्या काडतुसांत आधीपासून वापरात होती. कागदावर सगळं जमलं : वेग मिळाला, दाबही मर्यादेत राहिला.

पण वेग आणि कमाल दाब एवढंच मोजून भागत नाही. स्टोनरच्या रचनेत नळीच्या पुढच्या भागातल्या एका भोकातून थोडा वायू एका बारीक नळीने मागे येतो आणि तोच बोल्टला मागे ढकलतो. जुन्या दारूचा दाब एकदम चढायचा आणि लवकर उतरायचा. बॉल पावडर जास्त वेळ जळत राहते. कमाल दाब कमी, पण गोळी त्या भोकापाशी पोहोचते तेव्हा तिथला दाब आधीपेक्षा जास्त. बोल्टला बसणारा धक्का त्यामुळे जोराचा आणि लवकरचा झाला. ज्या रायफलीचा वेग मिनिटाला साडेसातशे-आठशे गोळ्यांचा होता, ती हजारापर्यंत जाऊ लागली. पुंगळी अजून भिंतीला धरून बसलेली असताना आकडा तिला ओढू लागला. भरीला या पावडरीत आम्ल मारण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असे, त्याचा थर वायूच्या नळीत साचत जाई. फाटलेल्या कडेची दोन्ही कारणं एकत्र आली होती : भिंत चिकट आणि बोल्ट घाईत.

यातलं मनाला लागणारं पान पुढचं. ही गोष्ट व्हिएतनामच्या टेकड्यांवर कळण्याआधीच प्रयोगशाळेत कळलेली होती. फिलाडेल्फियातल्या फ्रँकफर्ड आर्सेनलमध्ये १९६५ च्या अखेरीस दोन्ही दारूंची तुलना झाली, तेव्हा बॉल पावडरने रायफल अडण्याचं प्रमाण सुमारे सहापट निघालं. त्याच वर्षी कोल्टने कळवलं, की या दारूवर आमच्या रायफली स्वीकृतीच्या चाचणीत टिकणार नाहीत, त्यांचा गोळीबाराचा वेग मर्यादेबाहेर जातो. लष्कराने यावर तोडगा काढला. चाचणी कोल्टने जुन्या दारूवर केली तरी चालेल. चाचणीत पास झालेल्या लाखो रायफली मग व्हिएतनामला गेल्या आणि तिथे सैनिकांना काडतुसं मिळाली ती बॉल पावडरची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून पुन्हा मागे आलो, काही चुकीचं वाचलं असेल असं वाटून. स्टोनरला मत विचारलं गेलं, पण निर्णय झाल्यावर. हा बदल आपल्याला पसंत नाही, असं त्याने सांगितलं होतं.

हे सगळं उजेडात आलं ते १९६७ च्या मे महिन्यापासून. प्रतिनिधीगृहाच्या सशस्त्र सेना समितीने मिझुरीचे रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली खास उपसमिती नेमली. तिने सुनावण्या घेतल्या, व्हिएतनामला जाऊन सैनिकांशी बोलली, स्टोनरची साक्ष घेतली. ऑक्टोबरमध्ये आलेल्या अहवालात पुरेशी चाचणी न करता केलेला दारूचा बदल हे बिघाडाचं मोठं कारण म्हणून नोंदलं गेलं. माहीत असलेला दोष न सुधारणं गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या काठावर जातं, असंही अहवालाने लिहिलं. सरकारी समित्या सहसा इतक्या कडक शब्दांत बोलत नाहीत. घाणेरड्या बंदुकीचा दोष सैनिकाच्या माथी मारण्याचा उद्योग त्या वाक्याने थांबायला हवा होता.

दुरुस्त्या तुकड्यातुकड्याने झाल्या. बोल्टची घाई कमी करायला त्याच्या मागचा बफर जड केला गेला. १९६७ पासून चेंबरला क्रोमचा मुलामा आला, पुढे पूर्ण नळीला. कॅल्शियम कार्बोनेटचं प्रमाण घटवलं. सळया आणि ब्रश पोहोचले. देखभालीचं चित्ररूप पुस्तक काढलं, त्याची चित्रं विल आयस्नर या नामवंत कॉमिक-चित्रकाराने काढली. अडकणाऱ्या पुंगळ्यांचं प्रमाण खूप खाली आलं. बॉल पावडर मात्र काढली गेली नाही. रायफलच तिच्या मापाने बदलून घेतली गेली, आणि पुढची कितीतरी वर्षं त्याच जातीची दारू त्या काडतुसांत भरली जात राहिली.