पहिल्या तारेची जुळणी (तंबोरा)

तंबोऱ्याच्या चार तारांपैकी पहिली तार गायल्या जाणाऱ्या रागानुसार मंद्र सप्तकातील पंचम, मध्यम किंवा निषाद या स्वरात लावली जाते. मधल्या दोन तारा (जोड) मध्य षड्जात, तर शेवटची पितळी तार खर्जात असते. राग बदलला तरी या तिघींचा स्वर तोच राहतो. एकाच बैठकीत रागामागून राग गायचे असल्यास नव्याने लावावी लागते ती पहिली तारच.

मालकंसात पंचम वर्ज्य असल्याने ही तार मध्यमात उतरवतात. मारवा व पूरिया या रागांत पंचम नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, म्हणून तेथे निषादाची जुळणी रूढ आहे. वर्ज्य स्वर तंबोऱ्यातून अखंड वाजत राहिल्यास रागाचे स्वरूपच बिघडते. त्यामुळे ही जुळणी केवळ सोयीची बाब मानता येत नाही.

साधने व कृती

स्थूल बदलासाठी खुंटी आणि सूक्ष्म बदलासाठी मणी वापरतात. लाकडी खुंटी केवळ घर्षणाने जागेवर राहते. ती सरकू लागल्यास तिला खडू लावण्याची जुनी रीत आहे. मणी घोडीच्या खाली, तारेत ओवलेला असतो. तो घोडीपासून दूर सरकवल्यास स्वर चढतो, घोडीकडे आणल्यास उतरतो. त्याचा आवाका फार लहान असल्याने पंचमावरून मध्यमावर केवळ मण्याने येता येत नाही. प्रथम खुंटीने तार मध्यमाच्या किंचित खाली उतरवून पुन्हा वर चढवतात, आणि उरलेला फरक मण्याने काढतात. थेट वरून उतरवून थांबवलेली तार वाजवताना आणखी ढळण्याचा संभव असतो. शेवटी घोडीवरील जवारीचा धागा पुन्हा बसवून नाद खुलवावा लागतो. एका तारेचा ताण बदलल्याने दांडी व तबलीवरील एकूण भारही बदलतो. म्हणून जोड व खर्ज पुन्हा तपासणे आवश्यक असते. घाईत हेच राहून जाते.

ताणाचे गणित

तारेची लांबी व जाडी तीच असेल, तर ताण कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. पंचम व मध्यम यांचे गुणोत्तर ९:८ आहे. त्यामुळे मध्यमात उतरताना ताण ६४/८१ पट, म्हणजे सुमारे २१ टक्क्यांनी कमी होतो. उलट पंचमावरून शुद्ध निषादावर जाताना कंप्रता सव्वापट आणि ताण सुमारे ५६ टक्क्यांनी अधिक होतो. जुनी किंवा गंजलेली तार याच वेळी तुटते.

बास गिटारवरील तुल्य यंत्रणा

बास गिटारची सर्वांत जाड तार सामान्यतः ‘ई’ स्वरात (सुमारे ४१.२ हर्ट्झ) असते. ती एक पूर्ण स्वर खाली, ‘डी’मध्ये (सुमारे ३६.७ हर्ट्झ) आणण्यासाठी खुंटीला जोडलेली तरफ मिळते, ‘हिपशॉट एक्स्टेंडर’ हे तिचे परिचित उदाहरण होय. तरफ सरळ असताना ‘ई’ लावून घेतात, मग ती पाडून थांबा ठरवणारा स्क्रू ‘डी’ येईपर्यंत फिरवतात. त्यानंतर गाणे चालू असतानाही एका हालचालीत स्वर बदलतो. येथेही ताण सुमारे २१ टक्क्यांनीच घटतो, कारण हे अंतर पंचम-मध्यमाइतकेच आहे. ढिली पडलेली तार पडद्यांवर खडखडू नये म्हणून तिची उंची दोन्ही स्वरांवर वाजवून ठरवावी लागते. मायकेल मॅनरिंग यांच्या झॉन कंपनीच्या ‘हायपरबास’वर अशा तरफा चारही तारांना आहेत.

मिरज

सांगली जिल्ह्यातील मिरज हे तंबोरा व सतार निर्मितीचे महाराष्ट्रातील प्रमुख केंद्र आहे. हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात तेथील शिकलगार कारागिरांनी उभा केला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांचे वास्तव्य याच गावी होते. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांवर आजही लाकडी खुंटी आणि मणी हीच साधने आढळतात. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यात मात्र पंचम, मध्यम वा निषाद बटणानेच निवडता येतो.