डाव मांडू या – भाग ७ : एका मिनिटाचं चित्र

मागच्या आठवड्यात आपण ‘स्क्रॅबल’ पाहिला. तिथे हातात अक्षरं असतात आणि शब्द शोधायचा असतो. ‘पिक्शनरी’त शब्द आधीच हातात येतो, पण अक्षरांनाच बंदी. गटातल्या एकाने पत्त्यावरचा शब्द मनात वाचायचा, वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि मिनिटभरात चित्र काढून तो आपल्या गटाकडून ओळखवून घ्यायचा. बोलायचं नाही, हातवारे नाहीत, अक्षर नाही, आकडाही नाही.

‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणून पुष्कळ जण इथे अंग काढून घेतात. आजचा भाग मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

अमेरिकेतल्या सिएटल शहरात रॉब एंजेल हा तरुण रेस्टॉरंटमध्ये वेटरचं काम करायचा. मित्र जमले की शब्दकोश उघडायचा, एखादा शब्द निवडायचा आणि चित्र काढून तो ओळखायला लावायचा, असा त्यांचा आवडता उद्योग होता. त्याचा खेळ करायचं ठरल्यावर एंजेलने पहिलं काम केलं ते शब्द निवडण्याचं. शब्दकोश घेऊन तो ओळीने शब्द तपासत गेला. या खेळाचा खरा कस तिथेच आहे. शब्द फार सोपा असेल तर रंगत येत नाही, फार अवघड असेल तर कागद कोराच राहतो. पेटी आणि पटाची मांडणी गॅरी एव्हरसनने केली, व्यवहार टेरी लँगस्टनने पाहिला. १९८५ साली पहिल्या १,००० प्रती निघाल्या. एका पेटीत ५०० पत्ते, म्हणजे एकूण पाच लाख. ते सगळे एंजेलच्या राहत्या घरात हातांनी लावून पेट्यांत भरले गेले. २००१ मध्ये ‘मॅटेल’ने हा खेळ विकत घेतला.

आता चित्रकलेचा मुद्दा. समजा शब्द आहे ‘लोणचं’. नवखा खेळाडू बरणी काढतो. गट ओरडतो, ‘बरणी! तूप! साखर!’ तो मान हलवतो आणि बरणीचा काठ आणखी गोल करत बसतो, तोंडाला फडकं बांधतो, दोरीची गाठही काढतो. तेवढ्यात वाळू संपते. ‘बरणी’ हा शब्द गटाच्या तोंडून आला त्याच क्षणी बरणीचं काम झालेलं होतं. शेजारी एक कैरी, तिच्या चार फोडी आणि फोडींकडून बरणीकडे जाणारा बाण एवढं पुरे होतं. हात चांगला असलेले लोक इथे हमखास अडकतात, कारण चित्र पुरं करण्याचा मोह त्यांना आवरत नाही. ज्याचं लक्ष कागदापेक्षा गटाच्या बोलण्याकडे असतं, तो पुढे जातो.

याला संशोधनाचाही आधार आहे. सायमन गॅरड, निकोलस फे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जोड्यांना याच धर्तीचा खेळ दिला होता. तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येत होते. समोरचा माणूस प्रतिसाद देत होता तिथे चित्रं फेरीगणिक साधी होत गेली आणि शेवटी दोन-चार रेघांत काम भागू लागलं. प्रतिसाद मिळत नव्हता तिथे मात्र चित्रं सुटसुटीत झाली नाहीत, उलट त्यांत तपशिलांची भर पडत गेली. आणि जोडीच्या त्या दोन-चार रेघा नुसत्या बघणाऱ्या तिऱ्हाइताला तितक्या सहज कळत नव्हत्या. मला हे फार मोलाचं वाटतं. पेन्सिल एकाच्या हातात असली तरी चित्र दोघे मिळून घडवतात.

याच घराण्यातला, पण उलट्या बाजूने चालणारा खेळ म्हणजे ‘पोर्ट्रेयल’; पुढे तो ‘आयडेंटिक’ या नावानेही निघाला. इथे एकाला चित्र दिसतं. तो ९० सेकंद त्याचं वर्णन करतो आणि बाकीचे ऐकून काढतात. मग दहा मुद्द्यांवर तपासणी होते: झाड माणसापेक्षा उंच आहे का, कुत्र्याचं तोंड डावीकडे आहे का, अशा धर्तीचे. हे मुद्दे वर्णन करणाऱ्यालाही आधी ठाऊक नसतात. बहुतेक जण ‘एक माणूस आहे’ अशी सुरुवात करतात. ऐकणारे सगळे कागदाच्या मधोमध ऐसपैस माणूस काढतात आणि नंतर आलेल्या कुत्र्याला जागाच उरत नाही. म्हणून आधी कागद आडवा की उभा, मग कोण कुठल्या कोपऱ्यात, कोण कोणापेक्षा मोठा, आणि शेवटी शर्टाची बटणं, हा क्रम ठेवावा.

घरी खेळायला विकतची पेटी लागतेच असं नाही. इंग्रजी पत्त्यांवरचे कितीतरी शब्द आपल्या आजी-आजोबांना परके वाटतात, म्हणून चिठ्ठ्या मराठीत कराव्यात. त्यांत वस्तू असाव्यात, क्रिया असाव्यात आणि ‘उधारी’, ‘माहेर’, ‘धांदल’ असे थोडा घाम काढणारे शब्दही. म्हणी घालणार असाल तर निवडून घ्या. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ झटकन सुटते, कारण नाच आणि वाकडं अंगण दोन्ही काढता येतात. ‘अति तेथे माती’ घेतलीत तर माती दिसेल, पण ‘अति’ कसं काढणार? वेळेसाठी मोबाइलचा टायमर चालतो. नवरा-बायको किंवा दोन भावंडं यांना कायम एकाच गटात ठेवू नका; त्यांची खुणांची भाषा आधीच ठरलेली असते आणि बाकीच्यांचा विरस होतो. दर डावाला जोड्या बदला. आणि ओळखणाऱ्यांना एकच सांगणं: चुकेल म्हणून गप्प बसू नका. तुमचं चुकीचं उत्तर ऐकूनच पुढची रेघ कुठे मारायची ते काढणाऱ्याला कळतं.

पुढच्या आठवड्यात पचिसी.